ताईचे ओरिजिनल कागद

आधीच सांगून टाकतो, राजकारणातलं मला काही समजत नाही. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातला कारकून. दर डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं, मुंबईहून अख्खं सरकार पेट्याबिट्या घेऊन इकडे येतं, आणि आमच्या खात्यातली निम्मी माणसं त्यांच्या दिमतीला लागतात. माझी ड्यूटी आमदार निवासात असते. खोल्यांच्या किल्ल्या, रजिस्टर, गाद्या-उशा, रजया, गिझर. कोणाच्या खोलीत गरम पाणी येत नाही आणि कोणाची रजई ओली आहे, एवढंच माझं राजकारण. तेरा वर्षं तेवढंच केलं आणि सुखी होतो.

मग ते वर्ष आलं. निकाल लागले तेव्हा कोणाचंच बहुमत नव्हतं. दोन महिने नुसत्या बैठका, आणि शेवटी एक सरकार बसलं ते दुसऱ्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. बाहेरून म्हणजे काय, तर शेजाऱ्याच्या भिंतीला आपलं छप्पर टेकवायचं. भिंत त्याची, मर्जी त्याची. टीव्हीवर रोज सरकार पडायचं आणि रोज संध्याकाळी उभं राहायचं. आमच्या ऑफिसात तर लोक एकमेकांना विचारायचे, ‘आज आहे का गा?’ जसं काही दवाखान्यातल्या म्हाताऱ्याबद्दल विचारून राहिले.

मला त्याचं काय होतं? माझा पगार येत होता. पण माझ्या ताईचं एक काम सरकारात अडकलं होतं.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कळमेश्वरला राहते. भाऊजी तिथल्या पंचायत समितीत परिचर होते, म्हणजे शिपाई. सात वर्षांपूर्वी हृदयाच्या झटक्यानं गेले, नोकरीत असतानाच. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला सरकार कामावर घेतं, त्याला अनुकंपा म्हणतात. ताईनं अर्ज केला, जिल्हा परिषदेच्या यादीत नाव लागलं. पण यादी केवढी! आणि जागा भरायच्या वर्षाला चार नाहीतर पाच, कधी एकही नाही. वरून नियम असा की वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की नाव आपोआप कटतं. ताईला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

दरवर्षी नवी यादी बोर्डावर लागली की ताई एमआयडीसीतल्या कंपनीची सुट्टी टाकून नागपूरला यायची, आपल्या नावावर बोट ठेवून मोबाइलवर फोटो काढायची आणि मला पाठवायची. एका वर्षी एकतीस नंबर, मग चोवीस, मग सतरा. त्या वर्षी नऊ. फोटोत तिचं बोट दिसायचं. पॅकिंगच्या पट्ट्या ओढून ओढून नखाजवळ चिरा पडलेलं. आठ तास उभं राहून ती खोके बांधते, टाचा सुजतात, रात्री मीठपाण्यात पाय टाकून बसते. भाऊजी बसायचे त्याच ऑफिसात, तशाच एका स्टुलावर आपण बसू, साहेबाची घंटी वाजली की उठू, एवढंच तिचं स्वप्न. ‘बसाले भेटन न बाबू,’ ती म्हणायची. मला ती बाबूच म्हणते, बेचाळीसाव्या वर्षीसुद्धा.

नऊ नंबर आणि हातात सव्वा महिना. चार-पाच जागा निघाल्या असत्या तर ती पुन्हा राहिली असती आणि मग कायमची राहिली असती. तुम्हीच सांगा, भाऊ म्हणून मी काय हातावर हात धरून बसलो असतो?

त्या अधिवेशनात आमदार निवासात एक अपक्ष आमदार होते. आमच्याच विदर्भातले, दूरच्या तालुक्यातले. आदल्या वर्षी त्यांना कोणी विचारत नव्हतं. जिन्याजवळची कोपऱ्यातली खोली, जिथं रात्रंदिवस पायांचे आवाज, ती त्यांना मिळायची. गिझर बिघडला होता तो मीच उभं राहून दुरुस्त करून दिला होता. पण सरकार काठावर आल्यावर अपक्षाचा भाव काय वाढला बाप्पा! त्यांच्या दारासमोर सकाळी सातपासून रांग. मोठमोठे अधिकारी स्वतः येऊन ‘साहेब, खोली बदलून देऊ का’ विचारत होते. संत्र्याच्या टोपल्या आत जात होत्या, त्यांची सालं आमचा सफाईवाला पोत्यानं बाहेर काढत होता. आणि हा माणूस मात्र बदलला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. बनियनवर बाहेर येऊन बसायचा, सगळ्यांना हात जोडायचा. मला पाहिलं की म्हणायचा, ‘अरे, हा तर आपला गिझरवाला!’

माझ्या डोक्यात किडा वळवळला. या माणसाच्या एका मतावर सरकार टिकून आहे. यानं मंत्र्याला नुसतं ‘अमुक बाईचं करून द्या’ म्हटलं तर कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची? यादी नऊची असो की नव्वदची. असा मौका पुन्हा थोडाच येतो. बहुमताचं सरकार असतं तर अपक्षाला आणि अपक्षाच्या गिझरवाल्याला कोण विचारतं?

रविवारी दुपारी मी त्यांना एकटं गाठलं आणि ताईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही मोबाइलकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, ‘पंचेचाळीस जानेवारीत? मंग तं घाई केली पाहिजे गा. झेरॉक्स आणून दे उद्या. मी लेटर लावतो अन् मंत्र्याच्या हातात देतो.’

झेरॉक्स. ते झेरॉक्सच म्हणाले होते. हे मी कोणावर ढकलू शकत नाही.

त्याच दिवशी मी मोटरसायकल काढली आणि कळमेश्वर गाठलं. ताईच्या कपाटात साड्यांच्या खाली एक हिरवी रेक्झिनची फाईल असायची. तिच्यात सगळं: भाऊजींचा मृत्यूचा दाखला, सेवेचा दाखला, ताईची शाळेची टीसी, आणि स्टॅम्पपेपरवर सासूचं संमतिपत्र, की माझ्या मुलाच्या जागी माझ्या सुनेला घ्या, माझी हरकत नाही. खाली म्हातारीचा निळा अंगठा. सात वर्षांत त्या कागदांना एक घडी पडली नव्हती. ताई हात धुऊन, पदराला पुसूनच ती फाईल काढायची.

‘झेरॉक्स देऊन दे ना मंग,’ ताई म्हणाली. ‘माह्याजवळ एकेक हाय, आणखी लागली तं चौकात दुकान हाय.’

‘तुले काही समजते का?’ मी म्हणालो. ‘झेरॉक्सचं का होते सरकारात, मले विचार. माह्या टेबलावर रोज शंभर येतात. पाहिल्यासारखं करतो अन् खाली टाकतो. रद्दीत जाते सगळं. ओरिजिनल असलं तं माणूस घाबरते. हरवलं तं आपल्या अंगावर येईन म्हणून सांभाळते, अन् लवकर मोकळं करून परत देते. ओरिजिनल देल्ले की काम होतेच.’

‘पण हरवलं तं?’

‘अवं, ओरिजिनल कोणी हरवते का!’

हे मी हवेत बोललो नव्हतो. वीस वर्षांच्या नोकरीतून शिकलेलं शहाणपण होतं ते. कोणत्याही कारकुनाला विचारा, हेच सांगेल. ताई फाईल हातात धरून उभी राहिली. मग तिनं ती प्लास्टिकच्या पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली, आणि माझ्या हातात देताना म्हणाली, ‘तुले माहीत हाय बाबू, तू सरकारात हायेस.’ तिची पोरगी बारावीचं पुस्तक उघडं ठेवून आमच्याकडे पाहत होती.

सोमवारी सकाळी मी फाईल आमदारांच्या हातात दिली. ‘साहेब, ओरिजिनल आहेत,’ मी बजावून सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या. ‘अरे, ओरिजिनल काहून आणले?’ आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना बहुतेक दया आली. पीएला म्हणाले, ‘हे माह्या बॅगेत ठेव. इकडेतिकडे होऊ देऊ नको. गरिबाचे ओरिजिनल आहेत.’ मला केवढं बरं वाटलं! बाहेर येऊन मी ताईला फोन केला, ‘त्याईनं आपल्या सोताच्या बॅगेत ठेवले.’

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास मागच्या गेटला तीन ट्रॅव्हल्स येऊन उभ्या राहिल्या. काचांना काळे पडदे. सरकारच्या विरोधात सोमवारी मतदान होणार अशी बातमी सकाळपासून फिरत होतीच. ज्यांची मतं फुटू शकतात अशा आमदारांना त्यांच्याच हितासाठी म्हणे कुठंतरी नेऊन ठेवायचं होतं. कुठं, ते कोणी बोलत नव्हतं. आमचे अपक्ष साहेब घाईघाईनं खाली उतरले, एक बूट अजून नीट चढला नव्हता. पीए फोनवर ओरडत होता. मी काउंटरमागून धावत गेलो आणि साहेबांची बॅग उचलली. सवयच ती. तेरा वर्षांत किती बॅगा उचलल्या असतील. जिना उतरून, गेटपर्यंत नेऊन, ट्रॅव्हल्सच्या पोटात मी स्वतःच्या हातानं ती बॅग ठेवली. ड्रायव्हरला म्हणालोसुद्धा, ‘सांभाळून बे, दबू देऊ नको.’

तासाभरानं ताईचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मला वाटलं कोणीतरी गेलं.

‘बाबू, आपला नंबर लागला! जिल्हा परिषदेतून फोन आला होता. दहा जागा हायेत म्हंते, एकदम. शुक्रवारी कागद दाखवा म्हंते अन् त्याच दिवशी ऑर्डर. आपला नववा नंबर न! आपण बसतो त्याच्यात!’

झालं असं होतं की सरकारला आपण पडणार याची भीती वाटली आणि जाता जाता चार लोकांचे आशीर्वाद घ्यावे म्हणून वरून हुकूम सुटला, अनुकंपाच्या रिकाम्या जागा आठवड्यात भरून टाका. सात वर्षं जे हललं नाही ते दोन दिवसांत हललं. सरळ रस्त्यानं, यादीप्रमाणे, कोणाच्या चिठ्ठीशिवाय. नववा नंबर नवव्या जागेवर.

‘फक्त ओरिजिनल आणजा म्हंते,’ ताई म्हणाली.

देव देते अन् कर्म नेते म्हणतात. मी म्हणालो, ‘हो ताई. आणतो.’ ती हसत होती. पोरगी मागून ‘मामा, पेढे!’ ओरडत होती.

मी पीएला फोन लावला. बंद. साहेबांना लावला. बंद. दुसऱ्या, तिसऱ्या आमदाराच्या पीएला. सगळे बंद. संध्याकाळी एका ओळखीच्या पोलिसानं सांगितलं, ‘गाडीत बसल्यावर सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले न गा. आता सोमवारीच भेटतील.’ कुठं नेलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी एक वेडी आशा वाटली. घाईत पीएनं फाईल बाहेर काढून ठेवली असेल तर? माझ्याजवळ सगळ्या खोल्यांची दुसरी किल्ली असते. आमदाराची खोली त्यांच्या मागे उघडणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मी उघडली. गिझर चालूच राहिला होता. पलंगावर, टेबलावर, खिडकीत, सगळीकडे कागद. लोकांनी आणून दिलेले अर्ज, निवेदनं, दाखले. कोणाच्या विहिरीचं, कोणाच्या बदलीचं, कोणाच्या पोराच्या वसतिगृहाचं. मी गुडघ्यावर बसून एकूण एक पाहिला. सगळे झेरॉक्स होते. सगळे इथंच टाकून गेले होते. सोबत फक्त आमचे नेले, कारण ते ओरिजिनल होते. मी ताईला सांगितलं होतं अगदी तस्संच झालं होतं, माणूस ओरिजिनल सांभाळते. मी तिथं फरशीवर बसलो आणि स्वतःला दोन शिव्या हासडल्या, मोठ्यानं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मग गिझर बंद केला, कुलूप लावलं आणि काउंटरवर येऊन बसलो.

ताईला त्याच दुपारी सांगावं लागलं. ती म्हणाली, ‘मंग आता कसं करायचं?’

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या प्रती काढायच्या. काढल्या ना! मृत्यूचा दाखला कळमेश्वरच्या नगरपरिषदेतून दोन तासांत मिळाला. सेवेचा दाखला भाऊजींच्या जुन्या साहेबांनी डोळे पुसत दिला. टीसीसाठी मी खाप्याला ताईच्या शाळेत गेलो, हेडमास्तरांच्या पाया पडलो, शाळा सुटल्यावर त्यांनी जुनं रजिस्टर काढून लिहून दिली. पण सासूचं संमतिपत्र? म्हातारी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, माणूस ओळखत नव्हती. ताईला ती ‘कोण वं तू?’ विचारायची. तिचा अंगठा धरून कागदावर दाबला असता तर दाबला गेला असता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं होतं. ताई म्हणाली, ‘नाई. तिनं एक डाव शुद्धीत देल्ला हाय. आता चोरून नाई घ्यायचा.’

शुक्रवारी जिल्हा परिषदेच्या हॉलमध्ये दहा माणसं बसली होती. ताईनं भाऊजींनी घेतलेली निळी साडी नेसली होती. कागद तपासणारा तिथला साहेब चांगला माणूस होता, तरुण, कपाळाला आठ्या नाहीत. त्यानं सगळं ऐकलं, संमतिपत्राची झेरॉक्स पाहिली (ती ताईजवळ होती, कारण ताई प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून ठेवायची, माझ्यासारखी शहाणी नव्हती). म्हणाला, ‘ताई, मला पटतं. पण ऑडिटला मी काय दाखवू? मूळ कागद कोणाकडे आहे?’

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘एका आमदारांकडे.’

हॉलमधले काही लोक हसले. काय चुकलं त्यांचं? साहेबानं कपाळाला हात लावला. ‘सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत आणा. तोवर तुमची जागा मी कोणाला देत नाही. एवढंच माझ्या हातात आहे.’

बाकीच्या नऊ जणांना संध्याकाळी ऑर्डर मिळाल्या. ताईच्या मागे दहाव्या नंबरवर एक कामठीची बाई होती. ऑर्डर हातात घेऊन ती आधी ताईच्याच गळ्यात पडली आणि रडली. ताई तिची पाठ थोपटत होती, ‘जाऊ दे, जाऊ दे, झालं न आता.’ मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सोमवार उजाडला. आमदारांना घेऊन गाड्या विमानतळावरून थेट विधानभवनात जाणार होत्या. मी ड्यूटी सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बांबू बांधलेले, पोलीस, मोर्चेवाले, टीव्हीवाले. गळ्यात माझं अधिवेशनाचं ओळखपत्र होतं, पण ते आमदार निवासापुरतं. पोलिसानं ते हातात धरून उलटं केलं आणि सोडून दिलं. दहाच्या सुमारास ट्रॅव्हल्स आल्या. दुसऱ्या गाडीत पडदा थोडा सरकलेला होता आणि आमचे साहेब खिडकीतच होते. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, ‘साहेब, फाईल! हिरवी फाईल! ताईची!’ त्यांनी मला पाहिलं. ओळखलंही, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी मला हात जोडले, जसे रस्त्यावरच्या सगळ्यांना जोडत होते, आणि गाडी आत गेली.

त्या दिवशी माझ्याएवढं विधानसभेचं कामकाज कोणी ऐकलं नसेल. काउंटरवर मोबाइल टेकवून मी डोकी मोजणं ऐकत होतो. सरकार पडावं की टिकावं, मला काही म्हणजे काही नव्हतं. फक्त लवकर उरका आणि त्या माणसाला बाहेर सोडा! पण आधी गोंधळ, मग तहकुबी, मग पुन्हा गोंधळ. साडेचारला निकाल लागला. दोन मतांनी सरकार पडलं. साहेबांनी सरकारच्या विरोधात मत दिलं होतं, असं टीव्हीवाला दहादा सांगत होता.

पाच वाजायच्या आत ताईनं जिल्हा परिषदेच्या साहेबाच्या ऑफिसातून फोन केला, ‘भेटले का गा?’ मी नाही म्हणालो. तिनं फोन त्याच्या हातात दिला. ‘असू द्या,’ तो थकल्या आवाजात म्हणाला, ‘उद्या सकाळी दहाला आणा. मी तारीख आजची धरतो.’ देवमाणूस. असा माणूस सरकारात असू शकतो हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

आमदार साहेब त्या रात्री निवासात फिरकलेच नाहीत, फोनही लागेना. आणि त्याच रात्री, पडलेल्या मंत्रिमंडळानं विधानसभाच बरखास्त करायला लावली. दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नव्हतं म्हणून. आणि बरखास्ती झाली की त्या क्षणापासून आचारसंहिता. नवी भरती नाही, नवीन ऑर्डर नाही, मागच्या तारखेची तर बातच सोडा.

मंगळवारी सकाळी साडेनऊला पीए खोली रिकामी करायला आला. हातात हिरवी फाईल. प्लास्टिकच्या पिशवीची गाठसुद्धा तशीच मारलेली. ‘साहेबानं सांगतलं, आधी हे गिझरवाल्याले दे.’ मी पिशवी घेऊन जिल्हा परिषदेपर्यंत धावत गेलो. ताई आधीच दाराशी उभी होती. तिथल्या साहेबानं फाईल उघडली आणि एकेक कागद पाहून पेन्सिलनं बरोबरची खूण करत गेला. दाखला, बरोबर. टीसी, बरोबर. अंगठा, बरोबर. सगळ्यात वर आमदारांचं पत्र होतं, सही-शिक्क्यासकट, की या भगिनीचं प्रकरण सहानुभूतीनं तपासून योग्य ती कार्यवाही व्हावी. ज्या मंत्र्याच्या नावानं होतं तो आता मंत्री नव्हता.

‘कागद एकदम पूर्ण आहेत,’ साहेब म्हणाला. मग त्यानं फाईल बंद केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसला. ‘काल मी करू शकलो असतो, ताई. आज नाही करू शकत.’

‘निवडणूक झाल्यावर?’ ताईनं विचारलं.

त्यानं फाईल हळूच ताईकडे सरकवली. निवडणूक मार्चच्या आधी होणार नव्हती आणि ताईचा वाढदिवस जानेवारीत होता. हे तिघांनाही माहीत होतं.

बाहेर पायऱ्यांवर ताई बसली. मी म्हणालो, ‘शिव्या दे मले, ताई. काही तं बोल.’ ती म्हणाली, ‘तुले का बोलू? तू का मुद्दाम केलं का?’ आणि मग, ‘सेकंड शिफ्टले जाईन म्हंते आज. उगाच पगार कापतील.’ तिला कळमेश्वरच्या गाडीत बसवून दिलं. तिनं मला एक थापड मारली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण तिनं खिडकीतून ‘जेवून घेजो’ सांगितलं.

जानेवारीत तिच्या वाढदिवसाला मी गेलो. तिनं खीर केली होती. बोर्डावर नवी यादी लागली तेव्हा ती बघायला आली नाही. मीच गेलो. नवव्या नंबरवर दुसरं कोणी होतं. फोटो काढायला मोबाइल वर केला आणि परत खिशात टाकला.

निवडणूक झाली. यावेळी बहुमत आलं, आणि आमचे अपक्ष साहेब आधीच हवा पाहून एका पक्षात गेले होते, तेही निवडून आले. पुढच्या डिसेंबरात अधिवेशन आलं तेव्हा माझी ड्यूटी तिथंच, त्याच काउंटरवर. साहेबांना आता तळमजल्यावरची मोठी खोली. सोबत पंधरा-वीस माणसं. मला पाहून ते थांबले.

‘अरे गिझरवाले! तुह्या बहिणीचं झालं न गा ते काम? मी लेटर देल्लं होतं, आठवते न?’

मी त्यांच्याकडे पाहिलं. खरंच आठवत होतं त्यांना. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच मला संताप येत होता. मागे सगळे थांबले होते, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. काय सांगायचं होतं मी? तुमची बॅग मीच उचलून ठेवली होती म्हणून?

‘हो साहेब,’ मी म्हणालो. ‘झालं.’

ते खूश झाले. मागे वळून लोकांना म्हणाले, ‘पाहा, सरकार कोणाचं बी असो, गरिबाचं काम आपण अडू देत नाई.’ माझ्या पाठीवर थाप मारली. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

‘इथं सही करा, साहेब.’